आत्याबाईंची वज्री

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात प्रवरेकाठच्या आमच्या मळ्यात एक गंमत झाली. मी तेव्हा नवी नवरी... आणि घरामागे विहिरीचं खोदकाम चाललेलं. नदीवरून हंडे वाहून वाहून मान अवघडली होती, त्यामुळे माझा सगळा जीव त्या विहिरीत.

पुरुषभर खोदल्यावर काळ्या मातीखालच्या वाळूत विटेएवढा एक जड दगड निघाला. वर आडव्या धारा, अगदी ओळीने. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तो लगेच न्हाणीत नेला... टाचा घासायला. "अशी वज्री बाजारात न्हाई मिळायची," म्हणाल्या. खूश होत्या.

मग खांबासारखं जाडजूड हाड निघालं, तेही दगडाचं. झालं... खोदणारे वर आले ते पुन्हा उतरेनातच. "राक्षसाचं हाड हाय. आमी न्हाई हात लावनार." सासरे, म्हणजे मामा, असल्या बाबतीत आधीच भित्रे. विहीर बुजवायचं ठरलं आणि मला चुलीपाशी रडू कोसळलं.

दुसऱ्याच दिवशी नगरकडे निघालेला एक माहूत हत्ती घेऊन दारात आला. आत्याबाईंनी मला भाकरी घेऊन पाठवलं. हत्तीने सोंड वर केली, तोंड उघडलं... आणि आत मला आमच्या न्हाणीतली वज्री दिसली. त्याच आडव्या धारा, तशाच ओळीने.

मामांसमोर मी तोवर चकार शब्द काढला नव्हता. पण त्या क्षणी पदराचंही भान राहिलं नाही. "मामा, तो दगड न्हाई... हत्तीची दाढ हाय."

मामांनी न्हाणीतून दगड आणला, हत्तीच्या तोंडाशी धरून पाहिला आणि कपाळाला लावला. आत्याबाई स्वतःच्या गालांवर थपडा मारून घेत होत्या. "अगं बया, गनपतीच्या दाढंनं मी टाचा घासल्या व्हय?"

झटक्यात राक्षस गेला आणि गणपती आला. मामांना तर हुरूपच चढला. "एवढं जनावर हितं ऱ्हात हुतं, म्हंजी पानी असनारच." नारळ फुटला, खोदणारे निमूट उतरले... आणि पाणी लागलं, तेही गोड.

पुढे कॉलेजातले एक भूगर्भशास्त्राचे सर ते हाड बघायला आले. हत्ती पुराच्या गाळाखाली गाडला गेला, हवा लागली नाही, पाण्यातले क्षार हाडांत मुरत गेले आणि हजारो वर्षांत त्यांचा दगड झाला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आमच्या मळ्यात एके काळी उंच गवत होतं, बारमाही पाणी होतं, हत्ती चरत होते. विहीर म्हणे नदीच्या जुन्या पात्रातच खणली होती. मामांचा तर्क अगदीच वेडा नव्हता.

त्या दोन्ही हत्तींचे, मेलेल्याचे आणि जित्याचे, माझ्यावर उपकार आहेत. जित्याने तोंड उघडलं म्हणून सासरी माझंही उघडलं... आणि ते अजून मिटलेलं नाही, असं आमच्या घरातले म्हणतात.