शेळ्यांनी खाल्लेलं कुंपण

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या टापूत दुभत्या शेळ्यांचा पहिला पद्धतशीर गोठा मी बांधला. खोटं वाटत असेल तर भरमू चौगुलेला विचारा, असं म्हणालो असतो. पण तो आता वर गेलाय, आणि तिथूनही ओरडून सांगेल की बाळू नुसता खांब धरून उभा होता. तेही खरं. तो खांब पडला, हेही खरं. शिवाय धनगर आमच्या आज्याच्या आज्यापासून शेळ्या राखत आलेत, म्हणजे 'पहिला' हा शब्दही गेला. राहिला 'मी'. तेवढा खरा धरा.

शेळ्यांच्या गोष्टींचं त्यांच्या लेंड्यांसारखं असतं. सकाळी झाडून काढल्या की दुपारी तेवढ्याच पुन्हा पडलेल्या. कट्ट्यावर मी रोज एक सांगतो, तरी सरत नाहीत. मी चौथीपर्यंत शिकलोय, त्यात चौथी दोनदा. लिहिण्यात काही चुकलं तर आमच्या मास्तरांना धरा.

तर दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अंगाला. भरमू माझा भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि चड्डी घालायला लागलो तेव्हापासूनचा दोस्त. जैन माणूस, रानात तंबाखू, दारात म्हशी. लग्नाला लई वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, कुसुम. पोरगी एवढीशी, की सुपात ठेवली तर सूप रिकामं दिसावं. आईचं दूध पुरेना, म्हशीचं पोटात ठरेना. निपाणीच्या वैद्यानं सांगितलं, शेळीचं दूध द्या, ते बी ताजं. रानात धनगर बसला होता तोवर भरमू तांब्या घेऊन पळायचा. पण धनगराचं बिऱ्हाड पाठीवर. तो उठला की पोरीच्या तोंडात काय घालायचं?

म्हणून ठरलं, शेळ्या घरी आणायच्या.

*

गल्लीत सगळ्यांना एकच प्रश्न पडला. जैनाच्या दारात शेळी? कशाला?

भरमूचे वडील आप्पा म्हणजे फार कडक माणूस. दिवस बुडायच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि चालताना नजर खाली. मुंगी चावली तर आधी मुंगीला लागलं नाही ना ते बघायचे. अशा माणसाला देवळाच्या पायरीवर कुणीतरी विचारलं, "काय आप्पा, मटणाचं दुकान घालताय म्हणं?"

आप्पा तडक निघाले. घरी आले, भरमूला समोर बसवलं आणि म्हणाले, "नातीसाठी शेळ्या आण. पर माझ्या दारातनं एक बी जनावर सुरीकडं जायचं न्हाय."

मी तिथंच होतो. मी असतोच. म्हटलं, "आप्पा, शेळीला बोकड झाला तर?"

सगळं जग शेळी दुधाला ठेवतं आणि बोकड बाजारात धाडतं. शेळीचा धंदा त्याच्यावरच उभा असतो. आप्पांनी बराच विचार केला.

"झाला तर बोकड म्हणून ऱ्हाईल," म्हणाले.

मी पोट धरून हसलो. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा मला कुठं ठाऊक, आणि आप्पांना तरी कुठं!

*

शेळ्या चिकोडीच्या बाजारातून आणल्या. मी आणि भरमू चालत गेलो, शेळ्यांसकट चालत आलो. तेव्हा वाटेत कुणी अडवत नव्हतं, कुठल्या राज्याचा म्हणून विचारत नव्हतं. तहान लागली की कुठल्याही वस्तीवर पाणी मागायचं, मराठीत मागितलं काय आणि कानडीत मागितलं काय, गूळ सोबत यायचाच.

शेळ्या मात्र नुसत्या कानडी.

दारात आणल्यावर भरमू "ये, ये" करून घसा बसवून घेतोय आणि शेळ्या आमच्याकडं बघताहेत, जशा आमच्या शाळेतल्या इन्स्पेक्टरकडं आम्ही बघायचो. मी माझ्या परीनं "हुर्र" केलं, तर एक जण माझ्याच धोतराचा सोगा चघळायला लागली.

भरमूची बायको पद्मावैनी, माहेर तिकडं चिकोडीच्या पलीकडं. आमच्याकडं येऊन एवढी वर्षं झाली तरी मराठी जपून, चार शब्दांची. त्या दारात आल्या, "बा, बा" म्हणाल्या, आणि दोन्ही शेळ्या सुनेसारख्या खाली मान घालून आत गेल्या.

मी भरमूला म्हटलं, "गड्या, तुझ्या घरात आता कानडीचं बहुमत झालं."

"व्हय," भरमू म्हणाला, "आनि मराठीच्या बाजूला तू हायस. म्हंजे आमी हरल्यातच जमा."

*

आता गोठा. लढाईमुळं पत्रा औषधालाही मिळत नव्हता. म्हणून उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं, आणि आत म्हशीला करतात तशी जमिनीलगत दगडामातीची गव्हाण. आम्हाला म्हशीपलीकडं काही येतच नव्हतं! मी मेस्त्रीच्या थाटात वर हात करून सांगत होतो, भरमू खाली राबत होता.

सकाळी जाऊन बघतो तर एक शेळी गव्हाणीत बसून रवंथ करतेय, चाऱ्यावर मुतून मोकळी झालीय. दुसरी तिच्या पाठीवर पुढचे पाय ठेवून छप्पर खातेय. छपराला बरोबर तिच्या तोंडाएवढी खिडकी पडलेली.

म्हशीनं आपल्या पायाखालचं खावं आणि शेळीनं दुसऱ्याच्या डोक्यावरचं, हा नियम आम्ही तिथं शिकलो. मग गव्हाण फोडली. पाला पेंढी बांधून वर टांगायला लागलो. ओलीत बसून खूर सडतात म्हणून बांबूचं माचाण केलं, खालून लेंड्या पडतील असं. माचाण मी बांधलं. आप्पा त्याच्यावर बसून बघायला गेले आणि लेंड्यांच्या आधी आप्पाच खाली पडले.

धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "बाळू, खालती मुंग्या न्हवत्या न्हवं बघितलास?"

*

माचाण परत बांधलं, यावेळी भरमूनं. राहिलं कुंपण.

आमच्याकडं कुंपण म्हणजे बाभळीच्या फांद्या. आमचे बाप तेच करत आले. बैल अडतो, म्हैस अडते, चोर अडतो. भरमूनं आणि मी ओढ्याकडच्या हिरव्यागार बाभळी तोडून आणल्या. हातात काटे, पायात काटे. दिवसभर खपून गोठ्याच्या सगळ्या बाजूंनी छातीएवढं कुंपण रचलं. वैनींनी आमच्या तळव्यांना हळद-तेल लावलं आणि आम्ही राजासारखे जेवलो.

जेवून येतो तर शेळ्या कुंपणाला लागलेल्या. पाला गेला, शेंगा गेल्या, कवळी साल गेली. राहिल्या त्या नुसत्या काटक्या, आणि त्यांच्यामधून आरपार पाटलाचं रान दिसत होतं. वाटेनं चाललेला धनगर थांबला, बघत राहिला. त्याला वाटलं आम्ही मुद्दामच केलंय.

"चांगलं जेवान घातलासा," तो म्हणाला. "आता कुंपन कदी घालनार?"

कुंपणानं शेत खाल्लेलं सगळ्यांनी ऐकलंय. शेळीनं कुंपण खाल्लेलं आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलं, आणि वर वाढलं पण आम्हीच. पण एक सांगतो, त्या संध्याकाळी शेळीनं जेवढं दूध दिलं तेवढं आधी कधीच दिलं नव्हतं. कुसुम पोटभर प्याली आणि पहिल्यांदा रात्रभर रडली नाही. वैनी म्हणाल्या, रोज असंच कुंपण घाला.

*

मग दगडाचा गडगा घातला. शेळीला गडगा म्हणजे जिना. गडग्यावरून पाटलाच्या माळवदावर. पाटलीणबाईंनी वर वाळत घातलेल्या सांडग्यांचं काय झालं ते सांगायला नको. शेवटी गडग्यावर निवडुंग लावला, तेव्हा कुठं शेळ्या आत आणि गाव बाहेर राहिलं.

तोवर शेळ्या व्याल्या होत्या. बोकड झाले. पुढच्या खेपेला व्याल्या, परत बोकड झाले! आणि आप्पांचा शब्द. एकही बोकड दाराबाहेर नाही. गोठा वाढवला. परत वाढवला. भरमूचं घर लहान आणि गोठा मोठा दिसायला लागला. दूध देणाऱ्या दोघी, आणि बाकी सगळी बिनकामाची दाढीवाली मंडळी, दिवसभर एकमेकांना टकरा देणार आणि वेळेवर खायला मागणार.

तेव्हा आमच्या भागात गावोगावची जैन पोरं शिकायला बोर्डिंगात राहायची. मी एक फळी घेतली, चुन्यानं 'बोकड बोर्डिंग' असं लिहिलं, आणि पहाटेच गोठ्याच्या फाटकावर ठोकून आलो. म्हटलं आता आप्पा काठी घेऊन निघतील. कट्ट्यावर बसून वाट बघतोय.

आप्पा आले. फळी वाचली. आत गेले, हातोडा घेऊन आले. मी पळायच्या तयारीत. तर त्यांनी फळी जरा वाकडी होती ती सरळ केली, आणखी एक खिळा मारला, आणि मला हाक मारली.

"बाळू, ह्या पोरांचा अभ्यास घ्यायला कोनतरी चौथी पास मास्तर पायजे. तुझं काय झालंतं रं चौथीत?"

ती फळी पुढं बरीच वर्षं होती. मी गावात नसलो की लोक तिच्याकडं बघून माझी आठवण काढायचे म्हणे. भरमू मात्र म्हणायचा, बोकडांकडं बघून.

*

आणि मग ती दिवाळी.

पाटलाच्या भुईमुगाच्या शेंगा काढायला आल्या होत्या. गडग्यावरच्या निवडुंगाची एक ओळ वाळून पडली, तिथून बोकड घुसले आणि दुपारभरात शेंगांचा पट्टाच्या पट्टा साफ. पाटील पंचांना घेऊन गोठ्यापाशी आला. बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, पोरीच्या तोंडचं दूध आम्ही काढत नाही, शेळ्या राहू द्या. पण बोकड आजच बाजारात घाला. नाहीतर शेळ्यांसकट सगळंच गावातून हलवा. पंचांनी मान हलवली.

आता आप्पांची गत बघा. एकीकडं दिलेला शब्द, दुसरीकडं नात. कुसुम तेव्हा नुकती चालायला लागलेली, अजून त्याच दुधावर. शेळ्या गेल्या तर पोरगी परत सुपात. भरमू अंगठ्यानं माती उकरत उभा.

अशा वेळी गावाला माझी गरज लागते. मी पुढं झालो.

"आप्पा, सोपं हाय. बोकड मला देवा. तुमच्या दारातनं सुरीकडं न्हाय, माझ्या दारात जातील. माझ्या दारातनं फुडं कुठं गेले, ते तुमी इचारायचं न्हाय. तुमचा शब्द बी ऱ्हायला, पोरीचं दूध बी ऱ्हायलं."

पंच हसले. पाटील म्हणाला, चौथी नापास असला तरी बाळू वकील व्हायला पाहिजे होता. आप्पांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खाली बघत राहिले.

त्यांचं गप्प राहणं म्हणजे हो, असं मी धरलं. पांढऱ्या कानाचा थोरला बोकड होता, पहिल्या वेताचा. कुसुम त्याचा कान धरूनच उभी राहायला शिकली होती. त्याचं दावं सोडलं आणि निघालो. बोकडही शहाण्यासारखा मागून यायला लागला.

फाटकापाशी पद्मावैनी उभ्या. सासऱ्यासमोर या बाईचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. डोक्यावर पदर, कडेवर कुसुम. मला वाटलं फाटक अडवतील. त्यांनी उलट आपल्या हातानं कडी काढली आणि फाटक सताड उघडलं.

"न्यावा, बाळूअण्णा. मी आडवत न्हाय. पर ह्या पोरीला दुसरा भाऊ न्हाय, दोगं एकाच आईच्या दुदावर वाडल्यात. भाऊबीजेला हिनं कुनाला ओवाळायचं, तेवडं आप्पांच्या देकत सांगा, आनि मग जावा."