एक सापडला की दुसरा

"एक सापडला ना? आता दुसरा शोधायचा," असं म्हणून भाऊ मायक्रोस्कोपची काच पुसायचे.

मोखाड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही कितीतरी वर्षं शेजारी बसलो. ते लॅबवाले, मी कारकून. मध्ये प्लायवूडची फळी. पलीकडे रक्ताच्या काचा आणि लोकांच्या शौचाचे नमुने, अलीकडे माझ्या नोंदवह्या आणि उदबत्ती. मी जव्हारच्या दुकानदाराची मुलगी. मला पालीचीही किळस. तुम्हीही उदबत्ती लावलीच असती.

भाऊ तिथल्याच पोशेऱ्या गावचे. त्यांना कशाचीच घाण वाटत नसे. फणफणून तापलेल्या एका पोरीच्या नाकातून एकदा वीतभर जंत बाहेर आला. मी बाहेर धावले आणि सकाळचा चहा झाडाखाली ओकले. भाऊ मात्र तो चिमट्यात धरून, कौतुकाने न्याहाळत उभे.

"ताप चढला की ह्यांनाही राहवत नाही, मॅडम. हिवतापाने घर तापवलं, हा दार शोधत निघाला."

"भाऊ, टाका हो ते!"

"टाकतो. पण एका पोटात किती बिऱ्हाडं असतात बघा. आणि आपण एकाचं नाव लिहून मोकळे."

मग हात धुऊन शांतपणे नाचणीची भाकरी खायला बसायचे. मी व्हरांड्यात जेवायचे.

नमुन्यासाठी आम्ही झाकणाची प्लास्टिकची डबी द्यायचो. ती कधीच परत येत नसे. एवढी चांगली डबी घाणीत कोण घालणार? तिच्यात तेल-मीठ राहायचं आणि नमुना यायचा सागाच्या पानाच्या पुडीत. मी वैतागायचे. भाऊ पुडी दोन्ही हातांनी घ्यायचे.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची बाई, सातवा महिना, कागदासारखी पांढरी. काचेवर हिवताप सापडला, औषध झालं, पुढची काच स्वच्छ आली. रक्त मात्र वाढेना. लोहाच्या गोळ्या खात नाही म्हणून डॉक्टर रागावले, नर्स रागावली, मीही दोन शब्द सुनावले. जंताच्या गोळीची कार्डावर खूण होती. ती पोटात गेली की नाही, कोणी पाहिलं होतं?

भाऊ एकटेच रागावले नाहीत. "हिवतापाने रक्त फोडलं. पण आता कोणीतरी आतड्याला चिकटून उरलेलं पितंय. बाई, परसाकडचं घेऊन ये."

ती लाजेने अर्धमेली झाली. तरी तिसऱ्या दिवशी आली. भाऊ तापाच्या पाहणीला गेले होते, लॅबच्या दाराला कुलूप. तिने माझ्या टेबलावर पानाची पुडी ठेवली आणि लाजून दारापाशी सरकली. जांभळांचे दिवस होते, अशाच पुडीत बायका मला जांभळंही आणून द्यायच्या. मला वाटलं, जांभळं आणली. मी पुडी उघडली.

काय सांगू? पुडी उचलून खिडकीतून भिरकावली आणि साबणाने तीनदा हात धुतले. वळून पाहिलं तर ती दारातच होती. पदर तोंडाशी धरून ती निघून गेली. मी भाऊंना सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तिला डोलीतून आणलं. अंगावर सूज, धाप. भाऊंनी स्वतः नमुना घेऊन पाहिला, तर रक्त पिणाऱ्या आकडेकृमीच्या अंड्यांनी काच भरलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"तेव्हाच आण म्हटलं होतं ना? का नाही आणलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवहीत डोकं घातलं. तिला जव्हारला पाठवायचे कागद माझ्याच हातून जाणार होते, हे तिला ठाऊक होतं.

"इसरली, भाऊ," ती म्हणाली.

जव्हारला नेऊन रक्त चढवलं, बाई वाचली. मूल नाही वाचलं.

भाऊ निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत तिचा विषय निघाला की हळहळायचे, "बाई नुसती इसरली हो, मॅडम." आणि मी दर वेळी म्हणायचे, "हो ना, भाऊ." त्या पुडीची किळस केव्हाच गेली. आता मला माझ्या त्या 'हो ना'ची येते.