सुंदरबाईचा केसपेपर

मांजरसुंब्याजवळच्या वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या तात्याबाची अंजू ही थोरली लेक. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती बीडच्या एका खासगी दवाखान्यात लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. चाळीस कॉम्प्युटर आणि पासवर्ड विसरणारे डॉक्टर, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात.

एका मंगळवारी दुपारी तिच्या स्क्रीनवर इशारा आला. एका डॉक्टरांच्या नावानं कुणीतरी बाहेरगावाहून लॉगिन केलं होतं. असे इशारे दिवसाला वीस यायचे. डॉक्टर परगावी गेले असतील, असं म्हणून अंजूनं तो बंद केला आणि ती जेवायला बसली.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातली एकही फाईल उघडेना. मंगळवारी डॉक्टरांच्या नावानं आत शिरलेल्या चोरांनी सगळ्या नोंदींना कुलूप घातलं होतं. पेशंटची रांग जिन्यापर्यंत गेली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, बाकड्यावर, सुंदरबाई नावाची साठीची बाई धापा टाकत बसली होती. अंजू दिसली की विचारायची, "माजा केसपेपर निघाला का, पोरी?"

"निघतोय मावशी, बसा."

तो निघालाच नाही. कुठलं औषध सुंदरबाईला सोसत नाही, ते त्यातच लिहिलेलं होतं. घाईत नेमकं तेच इंजेक्शन दिलं गेलं. दुपारपर्यंत सुंदरबाई गेली.

मंगळवारच्या इशाऱ्याचं अंजूशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती नोंद पुसणं तिच्याच हातात होतं. तिचं बोट बटणावर गेलंही. तेवढ्यात बाहेर बाकडं करकरलं. तिनं दार उघडलं तर बाकड्यावर कुणीच नव्हतं. ती परत आत आली आणि तिनं अहवालात सगळं खरं लिहिलं. आठवड्यात नोकरी गेली.

वस्तीवर आल्यावरही सुटका नव्हती. भर उन्हात, मेंढरांमागं चालताना, पाठीमागून धाप ऐकू यायची. तिनं जेवण टाकलं, तसा तात्याबा जवळ येऊन बसला.

"मी बी एकदा कुत्रं भुंकत असताना तसाच पडून राहिलो हुतो. लांडग्यानं सात मेंढरं फाडली."

"मग?"

"मग काय? उरलेली घिऊन निघालो. पर तवापासून कुत्रं भुंकलं की उठतोच."

चार दिवसांनी अंजू सुंदरबाईच्या घरी गेली. तिच्या लेकाला, भारतला, अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं. "सांगितलं, बरं केलं," तो म्हणाला. "आता परत येऊ नका ताई." त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही.

पुढची सात वर्षं तिनं पुण्यातल्या एका कंपनीत इशारे तपासण्यात काढली. बरोबरची पोरं वर्षा-दोन वर्षांत कंटाळून दुसऱ्या कामाला लागायची. अंजू प्रत्येक इशारा शेवटपर्यंत लावून धरायची. परीक्षा दिल्या, बढत्या मिळाल्या, परदेशी जायची संधीही आली. पण ती बीडला परतली. आता जिल्ह्यातल्या अकरा छोट्या दवाखान्यांच्या यंत्रणा ती सांभाळते. कुठल्याही नव्या दवाखान्यात गेली की आधी एकच काम करून घेते: न सोसणारी औषधं कागदावर लिहून प्रत्येक पेशंटच्या खाटेला लावायची. एकदा वीज, नेट, सगळंच बंद पडलं, तेव्हा त्या कागदावर दोन दिवस एक दवाखाना चालला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि आपण हेच काम करायला जन्मलो, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

नव्या नर्सना शिकवताना ती स्वतःची चूक आणि मागं लागलेली सुंदरबाईची धाप आधी सांगते. परवा मोहिनी नावाच्या नर्सनं भीत भीत विचारलं, "मॅडम, त्या बाई आता न्हाई ना येत?"

"येतात की," अंजू म्हणाली. "आधी लई भ्यायचे मी. आता बसा म्हणते त्यांना."

मोहिनीची नजर दाराकडं गेली. अंजूनं मात्र प्रोजेक्टर लावला आणि शिकवायला सुरुवात केली.