आक्काला गाडी लागायची

दाजींचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून दारात उभी होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि हा माणूस सकाळचा कधी फोन करत नाही... त्यांचं काय बोलणं असेल ते संध्याकाळी, गाडी आल्यावर. म्हणाले, "सुमन, आक्काला जीपमधी घालून पालमला न्यायलो व्हतो. पहाटंपासून छातीत कळ मारायली व्हती. वाटंतच तिनं मान टाकली." आणि मी, सगळी उमर परभणीच्या शाळेत पोरांना मराठी शिकवलेली बाई, वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ फळ्यावर लिहून देणारी... काय म्हणाले असेन? म्हणाले, "अहो, गाडी लागली असंल तिला. खाली उतरवा, तोंडावर पाणी मारा, लिंबू द्या हातात." मग दाजी म्हणाले, "दिलं व्हतं गं. नाकाशी बी धरलं. तिनं वास घेतला न्हाई." दूध उतू गेलं ते मला शेजारणीनं येऊन सांगितलं.

आक्काला गाडी लागायची, ही आमच्या खानदानातली सगळ्यात जुनी चेष्टा. तिचं स्थळ जमलं तेव्हा वडील पाथरीहून पेढे घेऊनच घरी आले. मुलगा बोरीचा, घरी शेती, शिवाय एसटीत ड्रायव्हर, सरकारी पगार. आई कपाळाला हात लावून म्हणाली की, या पोरीला स्टँडवर नुसता डिझेलचा वास आला तरी ओकारी येते आणि तुम्ही तिला ड्रायव्हरच्या घरी द्यायला निघालात. वडील म्हणाले, तिला काय गाडी चालवायचीय का? झालं लग्न. पाठराखीण म्हणून मी सोबत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते... बोरी येईपर्यंत नवरदेवाला नवरीसाठी तीनदा गाडी थांबवावी लागली आणि शेवटच्या वेळी त्यांच्या कोऱ्या बुटांची वाट लागली. दुसरा असता तर तोंड वाकडं केलं असतं. दाजींनी रस्त्याकडेच्या मळ्यात जाऊन लिंबू मागून आणलं, खिशातल्या रुमालात, त्यांच्या दस्तीत पुसलं आणि तिच्या हातात दिलं. त्या दिवसापासून त्या माणसाच्या खिशात लिंबू असायचंच. बायको वर्षातून एकदा दिवाळीला माहेरी यायची तेवढीच काय ती गाडीत बसायची, तीही आदल्या दिवसापासून उपाशी राहून. पण लिंबू मात्र रोज खिशात. पानाला चुना लावावा तसं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

दाजींना ड्युटी मिळायची ती मुक्कामी गाडीची. पालमच्या पुढे, आतल्या अंगाला एक गाव आहे, तिथं संध्याकाळी बस जाऊन थांबायची आणि सकाळी शाळेची पोरं, दुधाचे कॅन, दवाखान्याची माणसं घेऊन परत फिरायची. ते गाव कोणतं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. त्याला आम्ही नुसतं 'मुक्काम' म्हणायचो. दाजी कुठायत? मुक्कामाला. कधी येतील? मुक्काम झाला की. दुसरे ड्रायव्हर ती ड्युटी टाळायचे, कारण रस्ता खराब, झोपायचं गाडीतच, डास फोडून काढायचे. दाजी मात्र साहेबाला सांगून मागून घ्यायचे. आता जी ड्युटी सगळे टाळतात ती एक जण मागून घेतो म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड कुठलं? बोरीच्या बाया आडून आडून बोलायच्या की, मुक्कामाला दुसरं बिऱ्हाड असणार. मी तर मेव्हणी, मी तोंडावरच विचारायची, "काय दाजी, तिकडच्या बाईच्या हातची भाकरी गोड लागती का?" दाजी हसून म्हणायचे, "लय गोड." सगळं घर हसायचं. आक्का हसायची नाही. ती उठून चुलीपुढं जायची आणि उगीचच लाकडं पुढंमागं करत बसायची.

दाजी रिटायर झाले आणि आता राहायचं कुठं, यावर बोरीच्या ओसरीवर बैठक बसली. पुण्याहून भाचा आला होता. त्याचं म्हणणं, आईबाबांनी आता शेणामातीत राहू नये, फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे. आक्काच्या दिरांचं म्हणणं, वडिलांचं घर आहे, वाट्याच्या दोन खोल्या आहेत, लोक काय म्हणतील? आणि माझं म्हणणं... माझं तर सगळ्यांत मोठं. आमचे हे गेल्यावर मी परभणीत एकटीच राहते. लेक दिली लांब. माझ्या घराला लागून एक प्लॉट आक्काच्या नावानं आम्ही फार पूर्वीच घेऊन ठेवला होता. मी कंपाउंड बांधलं तेव्हा त्या बाजूनं भिंत घातलीच नाही. गवंडी म्हणाला कुत्री येतील, मी म्हटलं येऊ दे, माझी बहीण यायचीय. म्हातारपणी दोघी एका अंगणात उन्हाला बसू, शेवया करू, भांडू, हा माझा हिशेब होता आणि दुसरा कुठलाच नव्हता. दाजी माझ्याच बाजूला झुकले होते. "दवाखाना जवळ हाय, सुमनची सोबत हाय, परभणीच बरी," असं ते म्हणालेसुद्धा. तेवढ्यात आतून चहा घेऊन आलेली आक्का उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "मला आधी एकदा मुक्काम बघायचाय."

कुणी तिला विचारलंच नव्हतं, त्यामुळं ती काय म्हणेल याची तयारी कुणाचीच नव्हती. दाजी म्हणाले, "अगं, तुला गाडी लागती." ती म्हणाली, "लागू द्या."

मी सोबत गेले, तिच्यासाठी कमी आणि ते दुसरं बिऱ्हाड पाहायला जास्त. आक्का ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दाजी तिच्या बाजूला, लिंबू तिच्या नाकाशी. पालमपर्यंत ती दोनदा बेजार झाली, पुढच्या कच्च्या रस्त्यावर तर तिच्या अंगात बसायचं त्राण राहिलं नाही. दिवस मावळताना गाडी एका कडुलिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. समोर एक बसकं पत्र्याचं घर, आणि दारात एक इतकी म्हातारी बाई की, तिला डोळ्यांनी नीट दिसतही नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून तिनं अंदाजानं दोन ताटं मांडायला घेतली होती... एक ड्रायव्हरचं, एक कंडक्टरचं. सारजाआजी तिचं नाव. दाजींच्या पायांची चाहूल तिनं ओळखली. "डायवर, लय दिसांनी आलास. संगं कोन हाय?" दाजी म्हणाले, "आमची मालकीण हाय आजी." म्हातारीनं हात पुढं करून आक्काचा चेहरा चाचपला, आणि म्हणाली, "मंग इतके दिस कुटं व्हतीस बाई? म्या एकलीच जेवू घालायले याला."

आमचं ते दुसरं बिऱ्हाड हे असं होतं. मला हसू आवरेना, आणि आक्का... आक्का त्या म्हातारीच्या गळ्यात पडून रडली. मग तोंड धुऊन, पदर खोचून तिच्या परातीपुढं बसली. लग्नानंतर पहिल्यांदा दाजींनी मुक्कामाला आक्काच्या हातची भाकरी खाल्ली.

सकाळी गाडी सुटायची वेळ झाली. मी चढले, दाजी चढले, कंडक्टरनं घंटी वाजवली, आणि आक्का कडुलिंबाखालीच उभी. म्हणाली, "मी न्हाई येत. मला गाडी लागती." आम्हाला वाटलं, चार दिवस राहील, थकवा जाईल, मग येईल. दाजी उतरले, मी एकटीच परत आले. चार दिवसांचे आठ झाले. फोन केला की तेच. आता परत गाडीत कोण बसंल सुमे, मला लागती. शेवटी दाजींनी सारजाआजीच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि बोरीचं सामान टेम्पोत घालून आणलं. भाच्यानं डोकं आपटलं. दीर म्हणाले, बाईचं चळलंय. मी तर वर्षभर गेलेच नाही. रुसले होते, सरळ सांगते. सख्खी बहीण मोकळं अंगण टाकून परक्या गावात जाऊन राहते, तिथं ना दवाखाना ना फोनला धड रेंज... मला वाटायचं, दाजींसाठी नाही, पुण्यासाठी नाही, हिनं मला सोडलं ते एका म्हातारीसाठी.

पुढं सारजाआजी गेली तेव्हा मी गेले. आजीची ताटं आता आक्का मांडत होती. संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसलो होतो. मी म्हटलं, एवढं काय गं आहे या गावात? तिनं बस यायच्या रस्त्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "सुमे, बोरीला सांज झाली की माझा जीव नुसता तुटायचा बघ. वाटायचं, कुठंतरी आता गाडी लागली असंल, हे उतरले असतील, कुणी पाणी दिलं असंल का न्हाई. उभी जिंदगी मी दारात उभी, आन गाडी लागायची दुसरीकडं. आता सांज झाली की माझ्याच दारात लागती." मी म्हटलं, आता ड्रायव्हर दुसराच असतो त्यात, दाजी तर घरात बसलेत. ती म्हणाली, "मंग? त्याची बी बायको कुठंतरी उभीच असंल की." मराठीची शिक्षिका मी, पण 'गाडी लागणे' याचे दोन अर्थ एका बाईच्या आयुष्यात असे आमनेसामने येतात, हे मला त्या दिवशी कळलं. तरीही माझा राग गेला असं म्हणणार नाही. माझ्या अंगणाला भिंत नव्हतीच अजून.

त्या गावात ती सगळ्यांची आक्का झाली. बस थांबली की ड्रायव्हर खालूनच ओरडायचा, "आक्का, गाडी लागली!" आणि ती चुलीपुढून ओरडायची, "लागली तर लिंबू घे!" रोज तोच विनोद, आणि रोज सगळे हसायचे. दारात तिनं कागदी लिंबाचं झाड लावलं होतं. आल्यागेल्याच्या हातावर एक लिंबू ठेवायची, विशेषतः गाडीत चढणाऱ्या बायकांच्या.

दाजींचा तो फोन आल्यावर मी पोचले तेव्हा तिला जीपमधून परत आणून अंगणात ठेवलं होतं. दिरांनी बोरीला न्यायची तयारी केली होती. माती आपल्याच गावात व्हावी, वाडवडील तिथं आहेत, असं ते म्हणत होते. मलाही क्षणभर वाटलं, नाही तरी परभणी नाही, मग निदान बोरी. दाजी तिच्या उशाशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आता परत गाडीत घालू नका तिला." तिथंच, ओढ्याच्या काठी, तिला निरोप दिला. गावातल्या बाया आमच्यापेक्षा जास्त रडत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. माझ्या वाट्याची सगळी संध्याकाळ त्यांनी घेतली होती.

तेरावं झालं, माणसं पांगली. मी दाजींना म्हटलं, चला आता परभणीला. प्लॉटवर दोन खोल्या उठवू, औषधपाण्याचं तरी मी बघेन. ते शांतपणे म्हणाले, "गाडी येती ना सुमन. भाकर कोन टाकंल?" मी पाहिलं, इतक्या दिवसांत त्यांनी थापायला शिकायचा प्रयत्न केला होता, टोपल्यात दोन जाड, कडा फाटलेल्या भाकरी होत्या. मी त्यांच्या हातातली परात काढून घेतली आणि चुलीपुढं बसले. दिवस मावळला. बस आली, इंजिन बंद झालं. ड्रायव्हर रजेवरून त्याच दिवशी कामावर आलेला होता, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. नेहमीसारखा खालूनच ओरडला, "आक्का, गाडी लागली!"

दाजी रांजणापाशी पाण्याचा तांब्या भरत होते. त्यांचा हात थांबला. आम्हा दोघी बहिणींचा आवाज लहानपणापासून सारखाच; आईसुद्धा फसायची. ताट वाढायचं तर कुणीतरी बोलायला हवं होतं.

"लागली तर लिंबू घे," मी म्हटलं.

बाहेर तो हसला. हातपाय धुऊन आत आला, माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं, आणि खाली मान घालून ताटावर बसला. दाजींनी त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

सकाळी मी निघाले. खिडकीशी बसले. घंटी वाजली तशी दाजी घाईघाईनं झाडापाशी गेले, एक लिंबू तोडलं, दस्तीत पुसलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. मला गाडी लागत नाही. आयुष्यात कधी लागली नाही, आणि हे दाजींना चांगलं माहीत आहे. पालम येईपर्यंत मी ते लिंबू नाकाशी धरून बसले.