विब्रेनची कॉफी-तबकडी

पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करणारे नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडचे विब्रेन नवा लॅपटॉप कशाला घेतील? सोळा वर्षांच्या जुन्याच्या एकुलत्या चालू यूएसबी पोर्टवर हब लावून त्यांनी माउस, पंखा आणि कॉफी गरम ठेवणारी तबकडी पोसली होती. लॅपटॉपने मान टाकण्याआधी दिवंगत बायकोचे फोटो उतरवायला आज हार्ड डिस्क जोडली, तर ती टकटक करून गप्प झाली.

"बाबा, तिला वीज पुरत नाहीये. तबकडी काढा," मुलगी सित्स्के म्हणाली.

"आणि कॉफी गार पिऊ?"

"छे! आईचे फोटो गेले तरी चालतील, कॉफी गरम हवी!"

विब्रेननी तबकडी काढली. डिस्क फिरली. पहिला फोटो उतरताच त्यांनी गार कॉफीसोबत बिस्किटांचा डबा चक्क दुसऱ्यांदा उघडला.