एका शहराचे तीन महापौर!

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच! हसा. मी स्वतःच्या हाताने केलेली फजिती आहे ती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फ्रान्समधल्या एका शहराचं शिष्टमंडळ नाशकात आलं होतं. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. सत्कार सुरू झाला. "हे महापौर!" त्यांच्या झेंड्याच्या रंगांचा तिरंगी पट्टा घातलेले एक गृहस्थ उठले. हार. "या महापौर!" तसाच पट्टा घातलेल्या एक बाई. हार. "आणि हेही महापौर!" तिसरा हार!

माझं डोकंच सटकलं. एका खुर्चीवरून आपल्याकडे केवढी रणं माजतात, आणि इथे एका शहराचे तीन? तोतये! पहिल्या पानाची बातमी!

शेजारी शहराच्या वेशीवरच्या एका गावाचे सरपंच बसले होते, नामदेवअण्णा. चेहरा उतरलेला. "साहेब, आमचं गाव नाशकात घेणार म्हणतात. नळाला पाणी येईल, पण ग्रामपंचायत जाईल. यांच्याकडं कसं हाय, एवढंच इचारायचंय."

"थांबा हो अण्णा! आधी यांना उघडं पाडतो."

उठलो आणि गरजलो, "तुमच्यातला खरा महापौर कोण?"

दुभाषी म्हणून आलेल्या प्राध्यापिका पांढऱ्या पडल्या. "खरंच विचारू?"

"शब्दन् शब्द!"

पाहुणे खो खो हसले. पट्टेवाल्या बाई पहिल्या गृहस्थांकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तिघंही! मुख्य शहर यांचं. आम्ही दोघं शेजारच्या उपनगरांचे. गाव लहान, पण कारभार आमचा."

"मग पाणी? कचरा? बस? तीन-तीन?"

"छे! त्यासाठी सगळ्यांचं मिळून एक मंडळ. तिथे आम्ही एकत्र बसतो."

"एकत्र बसून करता काय?"

"भांडतो!"

सभागृह हसलं. मी हटलो नाही. "पण मालक कोण?"

शेवटी बाईंनी चहाचा ट्रे ओढला. मोठा कप म्हणजे शहर. भोवती छोटे कप म्हणजे उपनगरं. मधे किटली. "कप ज्याचा त्याचा, किटली सगळ्यांची!"

झाली माझी बातमी! तोंड लपवून निघालो, तर अण्णांनी दारातच मिठी मारली. स्वारी भलतीच खुशीत!

"लय उपकार झाले, साहेब! मी इचारलं असतं तर दोन वाक्यांत उरकलं असतं. तुमच्या डोक्यात शिरंना, म्हणून बाईंनी कप मांडून दाखवलं. आता पंचायत ठेवून पाणी मागतो का नाय बघा!"

"चला, माझा काही उपयोग तरी झाला."

"मंग! ग्रामसभेला बी या. कप मांडून समजावणार हाय. तुम्ही पुढं बसा. तुम्हाला कळलं म्हंजे समद्या गावाला कळलं!"