वेशीबाहेरचा हिरो

बजाजनगरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात कंपनीतला एक कामगार पहिली पाळी सुटली की हमखास भेटायचा. पडद्यावरच्या हिरोला म्हणायचा, "चल गड्या, जाऊ घरी." सगळे राक्षस मारून हिरो गावच्या वेशीपाशी पोचायचा आणि तिथंच खेळ संपायचा.

"दुसरा भाग येतोय म्हणं," तो रोज सांगायचा. "गावात घेतेत का नाय त्याला, तेवढं बघायचंय."

मी चिडायचो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी पोरं लाठ्या खातायत आणि याला खेळाची पडलीय. एकदा आमचं पत्रक त्याच्या हातात कोंबलं. त्यानं ते उभ्यानं पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"भाऊ, नाव बदलल्यावर मला माझ्या गावात घेतेत का?"

तो चिडवत होता का खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही. पत्रक मीच लिहिलं होतं. त्यात हे नव्हतं.